ज्यांनी आम्हाला मातीसाठी जागा मिळवून दिली, त्यांचीच माती अशी का उरकलीत?

माननीय बिशपसाहेब, सेक्रेटरीसाहेब, प्रॉपर्टी कमिटी आणि पास्टोरेट कमिटीचे सगळे सदस्य,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमच्यातल्या दोघांच्या लग्नात मी जेवलेय आणि एकाच्या आईला इंजेक्शनं द्यायला सुट्टीत घरी जात होते, त्यामुळे हे असं उघडं पत्र लिहिताना हात अडखळतोय हे आधीच सांगते. पण आमच्या चर्चचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू, जानेवारीत गेले, त्यांची माती कशी उरकली त्याबद्दल आधी आम्ही दोन अर्ज दिलेत, एक हातोहात आणि एक रजिस्टर पोस्टानं, पोच घरी आली, उत्तर नाही, दीड महिना झाला. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. शिवीगाळ करणार नाही, आमच्या पाळकसाहेबांना ते आवडलं नसतं (ते स्वतः रागीट होते ही गोष्ट वेगळी).

नावं मुद्दाम टाकत नाहीये. पाळकसाहेबांचं नाही, गावाचं नाही, तुमचंही नाही. बाईंनी सांगितलंय नको म्हणून. बाई म्हणजे पाळकसाहेबांच्या मिसेस, पण आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. तुम्हाला कळायचं ते बरोबर कळेल. एवढं पुरे की गाव नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं आहे, काळ्या मातीचं, आणि आमची मंडळी म्हणजे आमच्या चर्चची दीडशे घरं आणि आजूबाजूच्या सात वाड्या.

मी पुण्यात नर्स आहे, बावीस वर्षं झाली. जानेवारीतल्या त्या सोमवारी मला नाईट होती. मंगळवारी सकाळी सहा चाळीसला मंडळीच्या ग्रुपवर मेसेज आला की पाळकसाहेब रात्री साडेअकराला प्रभूमध्ये निजले, आणि त्याच मेसेजच्या खालच्या ओळीत, "दफनविधी आज सकाळी १०.३० वा.", आणि ठिकाण आमचं गाव नाही तर शहरातलं कबरस्तान. मी दोनदा वाचलं, वाटलं टाईप करणाऱ्याची चूक असेल. हँडओव्हर देऊन युनिफॉर्मवरच वाकडेवाडीला पळाले, मिळेल ती एसटी पकडली, पुढे रिक्षा केली, आणि पोचले तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. गेटमधून आत गेले तर तिथं कोण होतं सांगू का? एक जेसीबी, त्याचा ड्रायव्हर, आणि चिंचेखाली खुर्चीवर बसलेल्या बाई. बाईंच्या मुठीत माती होती. ती टाकायची राहून गेली होती, कारण त्या उठून उभ्या राहीपर्यंत मशीननं ढीग आत लोटलेला होता.

मी नर्स आहे, मरण रोज बघते, मला सहसा रडायला येत नाही.

आता तुमच्यातल्या जे नवीन आहेत, ज्यांनी त्यांना फक्त रिटायर झालेला म्हातारा पाळक म्हणून बघितलंय, त्यांच्यासाठी थोडं सांगते. ७२ च्या दुष्काळात हा माणूस तेवीस वर्षांचा होता आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. कामावर वाटलेली सुकडी खाल्ली, मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खाल्ल्या, आणि त्यामुळे आमच्याकडे जेवायला आले की ताटात शीत ठेवायचे नाहीत आणि आम्हालाही ठेवू द्यायचे नाहीत. मग यवतमाळच्या सेमिनरीत शिकले, ती सेमिनरी तेव्हा यवतमाळलाच होती, पुण्याला नंतर १९८३ ला आली. १९७६ ते २०१४ अशी अडतीस वर्षं सेवा. त्यातली एकवीस वर्षं आमच्याकडे, दोन खेपांत. पहिल्या खेपेत सायकल होती, दुसऱ्या खेपेत एम-एटी, आणि ती एम-एटी येताना दोन वाड्या आधीपासून ऐकू यायची म्हणून पत्ते खेळणारे आधीच उठून जायचे.

संत होते असं म्हणत नाही. रविवारचा उपदेश पन्नास मिनिटांचा, निम्मी मंडळी झोपायची. माझ्या वडलांना दारूवरून भर उपासनेत असं झापलं की वडील दोन वर्षं चर्चची पायरी चढले नाहीत. पण मयत असलं की हाच माणूस बदलून जायचा. मातीच्या वेळी तीन मिनिटांच्या वर बोलायचे नाहीत. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन विचारायचे, "आजी, तुम्हाला काय म्हणायचंय का?" ती म्हातारी जे बोलेल, रडेल, देवाला शिव्या घालेल, ते सगळं झाल्यावरच शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचे. आणि शेवटपर्यंत थांबायचे. शेवटपर्यंत म्हणजे लोक घराकडे वळल्यावरही, पोरांनी फावड्याच्या पाठीनं माती थापून होईपर्यंत. मग खिशातली डायरी काढून नाव, वय, तारीख लिहायची आणि मगच एम-एटीला किक.

आता जागेचं. इथं थोडं जास्त लिहिणार आहे कारण माझं सगळं म्हणणं इथंच आहे.

आमच्या गावात ख्रिस्ती लोकांना पुरायला जागाच नव्हती. कारण तुम्हाला माहितीय, आम्ही कोणत्या वस्तीतून आलो ते गाव विसरलेलं नव्हतं, बाप्तिस्मा झाला म्हणून काय झालं. १९८४ ला माझे आजोबा गेले तेव्हा त्यांना ओढ्याच्या कडेला पुरलं, कारण दुसरीकडे कुणी कुदळ मारू देईना. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि कड खचली. मी पाच वर्षांची होते, मला नीट आठवत नाही, पण आजी मरेपर्यंत पाऊस लागला की दार लावून आत बसायची. पाळकसाहेब तेव्हा पहिल्या खेपेला होते, ते पोरांना घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते.

१९९९ ला ते परत आले आणि पहिल्या महिन्यात त्यांनी अर्ज लिहिला. तिथून अकरा वर्षं. ग्रामसभेचा ठराव, तो एकदा कोरमअभावी गेला, एकदा गोंधळात गेला. तलाठी बदलला. गायरानातली जागा मागितली तर आधीच अतिक्रमण. तहसीलमध्ये फाईल हरवली, मग सापडली, मग मोजणीची तारीख, मोजणीला शेजारचा शेतकरी हजर नाही, परत तारीख. दर वेळी ते स्वतःच्या पेट्रोलनं जायचे. एका तहसीलदारांनी म्हणे विचारलं होतं, तुमचे लोक वर्षाला मरतात किती, एवढ्या जागेचं काय करणार. त्यावर पाळकसाहेब म्हणाले होते, साहेब, शेवटी सगळेच मरतात. २०१० ला वीस गुंठे मिळाले. सातबाऱ्यावर इतर हक्कात ख्रिस्ती दफनभूमी अशी नोंद लागली, ती झेरॉक्स अजून आमच्या घरात देवाच्या वचनाच्या फ्रेमशेजारी लावलेली आहे. पहिला लिंब त्यांनी लावला. तेव्हाच सगळ्यांसमोर म्हणाले होते की याच्या सावलीला माझी जागा धरून ठेवा, आणि तिथं कुणीही खड्डा घेतला नाही. पंधरा वर्षं. २०१९ ला त्यांनी हेच लेखी तुमच्या ऑफिसला कळवलं होतं, आवक शिक्का असलेली कॉपी बाईंकडे आहे.

माझे वडील, तेच दारूवाले, एप्रिल २०२१ ला कोविडनं गेले. मी इथं वॉर्डात, किटमध्ये, मला सोडणं शक्यच नव्हतं. गावात त्या वेळचे पाळक स्वतः पॉझिटिव्ह, त्यांचा काही दोष नाही. चार पोरं किट घालून, बाकी कुणी यायचं नाही. तेव्हा रिटायर होऊन सात वर्षं झालेला, बहात्तर वर्षांचा हा माणूस मास्कवर रुमाल बांधून लिंबाखाली लांब उभा राहिला, मोठ्यानं वाचलं, पोराच्या फोनवर मी बघत होते. हवेमुळे निम्मं ऐकू आलं नाही. पण माती थापून होईपर्यंत ते हलले नाहीत हे दिसलं. त्या दोन महिन्यांत असे किती जणांसाठी उभे राहिले ते त्यांच्या डायरीत आहे, मी मोजायला गेले नाही.

तर हा माणूस. आणि ज्या वीस गुंठ्यांसाठी त्यानं चपला झिजवल्या त्यात त्याला तुम्ही जागा दिली नाहीत. कारण काय सांगितलं, तर "आपल्या पाळकांचा दफनविधी आपल्या मालकीच्या कबरस्तानात व्हावा अशी पद्धत आहे." कुठं लिहिलीय ही पद्धत? ठरावाची तारीख द्या, आम्ही गप्प बसतो. आणि मंडळीत दबक्या आवाजात जे बोललं जातंय तेही उघड लिहूनच टाकते, की ती जागा सरकारी आहे, संस्थेच्या नावावर नाही, म्हणून तुमच्या लेखी ती जागाच नाही. हे खोटं असेल तर तसं सांगा, मला आनंदच होईल.

दुसरी गोष्ट घाईची. बर्फाची पेटी गावातच होती, पोरांनी रात्री दीडलाच आणून लावली होती. मंडळीनं एवढंच मागितलं होतं की बुधवारी दुपारपर्यंत थांबा. जानेवारी आहे, निम्मी मंडळी ऊसतोडीला गेलीय, कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे फडावर आहे, ट्रकनं यायचं म्हटलं तरी रात्र लागते. एका टोळीतल्या अकरा जणांनी मुकादमाकडून उचल वाढवून घेऊन गाडी केली. ते मंगळवारी संध्याकाळी पोचले. बंद गेटला हात लावून परत गेले. आणि घाई कशाची, तर यायचे होते त्या पाहुण्यांना दुपारी दुसरीकडे कार्यक्रम होता. बिशपसाहेब, तुम्ही स्वतः त्या दिवशी बाहेरगावी होतात हे मला माहितीय, तुमच्यावर हे ढकलत नाही. पण तुमच्या नावानं ठरवलं गेलं.

गाडी गावातल्या चर्चवरून गेली. थांबली सात मिनिटं, गेटच्या बाहेर. पेटी आत घेतली नाही. ज्या चर्चचे पत्रे या माणसानं भर उन्हात स्वतः वर चढून बदलले, त्या चर्चच्या आत सात मिनिटंसुद्धा नाही. घंटाही वाजली नाही, कारण घंटेच्या खोलीला नवीन कुलूप आणि किल्ली कमिटीकडे. आमच्याकडे मयत झालं की एकेक टोला मध्ये थांबून थांबून देतात, वाड्यावरचे लोक हातातलं काम ठेवून उभे राहतात. दारुड्या असो, भांडखोर असो, सगळ्यांसाठी वाजलीय ती. त्यांच्यासाठी नाही वाजली, आणि वाड्यावरच्या कितीतरी म्हाताऱ्यांना, ज्यांच्याकडे फोन नाही, पाळकसाहेब गेले हे दुसऱ्या दिवशी कळलं.

गायनाचं तर काय बोलू. आमचं भजनी मंडळ टाळ, तबला आणि पेटी घेऊन टेम्पोतून आलं होतं. (पेटी म्हणजे बाजाची पेटी, त्या दिवशी दोन पेट्या होत्या आणि तरणी पोरं गोंधळून विचारत होती कोणती पेटी पुढे घ्यायची, पाळकसाहेब असते तर हसले असते.) त्यांना सांगितलं गेलं की एकच कडवं, आणि टाळ नको, "जरा डिसेंट ठेवा". मग पेनड्राईव्हवर इंग्लिश म्युझिक. अहो, नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ओवी आणि अभंग आपल्या उपासनेत आणून बसवले, उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातली दोनशेच्या वर गीतं एकट्या त्यांची आहेत, कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनं केली, ते सगळं आपल्या लोकांच्या तोंडात बसलं म्हणून तर आपण मराठीत रडू शकतो. शंभर वर्षांनी तुम्हाला टाळाची लाज वाटायला लागली?

माईकवर बाहेरचे चार जण बोलले, बावीस मिनिटं, एका पोरानं रेकॉर्ड केलंय. त्यात सेवेची वर्षं सत्तावीस सांगितली, गाव चुकीचं सांगितलं, आणि त्यातली सहा-सात मिनिटं कंपाऊंडच्या जागेच्या कोर्टकेसबद्दल. मयतापुढे. आमच्या मंडळीतल्या एकालाही माईक दिला नाही, महिला मंडळाच्या अध्यक्षबाई हात वर करून उभ्या होत्या. बाईंना कुणी विचारलं नाही, तुम्हाला काय म्हणायचंय का म्हणून.

वाचन कुठलं केलं, तर पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय, धाव संपवल्याचा भाग. चांगलंय, पाळकांच्या मातीला तेच वाचतात. पण पाळकसाहेबांना त्या अध्यायातला खालचा भाग आवडायचा, जिथं पौल लिहितो की त्रोवसात कर्पाकडे माझा झगा राहिलाय तो येताना आण, आणि पुस्तकं आण, आणि हिवाळ्याआधी ये. ते म्हणायचे, बघा, एवढा मोठा प्रेषित, मरणाच्या दारात, आणि त्याला थंडी वाजतेय. हे आमच्या रविवारच्या शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

जेसीबीचं वर लिहिलंय. फावडी घेऊन आमची आठ पोरं उभी होती, परत लिहीत नाही.

आणि रजिस्टर. मी दोन आठवड्यांनी जाऊन दफन रजिस्टर बघितलं. त्याच्या आधीच्या जुन्या पानांवर त्यांचंच अक्षर आहे, टपोरं, शाईचं. व्यवसायाच्या रकान्यात ते प्रत्येकाचं काहीतरी नीट लिहायचे, शेतमजूर, बायबलबाई, सुतार, "चौथीत शिकत होती". त्यांच्या स्वतःच्या नावापुढे लिहिलंय, रिटायर्ड स्टाफ. आडनावातसुद्धा चूक आहे. पंधराव्या दिवशी बाईंना कंपाऊंडमधल्या दोन खोल्या महिन्यात रिकाम्या करा असं पत्र आलं, आणि पाळकसाहेबांच्या ग्रॅच्युइटीतली शिल्लक रक्कम अजून "प्रोसेसमध्ये" आहे. २०१४ पासून. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण लिहायला लागले तर वर दिलेला शब्द मोडेल.

तुमच्यातल्या एकांनी मला फोनवर सांगितलं, ताई, झालं ते झालं, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, तो तर प्रभूजवळ गेला. बरोबर आहे, त्यांना नाही पडत. पण मग इतकी वर्षं ते आमच्या प्रत्येकाच्या मातीला शेवटपर्यंत कशासाठी थांबत होते?

आमच्या मागण्या या आहेत, जास्त नाहीत.

कबर उकरा असं आम्ही म्हणत नाही. काही पोरांचं तसं म्हणणं होतं, बाईंनी साफ नको म्हणून सांगितलं, विषय संपला. पण त्या कबरीवरची एक घमेलं माती आम्हाला रीतसर नेऊ द्या, ती आम्ही लिंबाखाली ठेवू आणि तिथं त्यांच्या नावाचा दगड लावू. खर्च आम्ही करतो, वर्गणी झालेली आहे.

रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करा. नाव बरोबर, आणि व्यवसायाच्या रकान्यात पाळक, सेवा ३८ वर्षं. एवढंच.

बाईंना त्या दोन खोल्यांत राहू द्या, लेखी द्या, आणि राहिलेली रक्कम कधी देणार त्याची तारीख लिहून द्या.

इथून पुढे कुठलाही पाळक गेला तर आधी घरच्यांना आणि मग त्याच्या मंडळीला विचारल्याशिवाय दिवस, वेळ, जागा ठरवायची नाही, घरच्यांची हरकत नसेल तर चोवीस तास थांबायचं, पेटी चर्चमध्ये न्यायची, मंडळीतल्या एकाला तरी बोलू द्यायचं, आणि खड्डा माणसांनी बुजवायचा. याचा ठराव करून सगळ्या मंडळ्यांत वाचून दाखवा. आज जे पाळक सेवेत आहेत, तुटपुंज्या पगारात चार-चार गावं सांभाळतायत, त्यातल्या तिघांनी मला स्वतःहून फोन केला आणि हेच म्हणाले, नाव नका घेऊ आमचं.

आम्ही येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर गावातल्या चर्चमध्ये स्मरणसभा घेतोय. ऊसतोडीचे लोक तोवर परत आलेले असतील. टाळ असतील, पेटी असेल, जेवण पंगतीचं आहे, डाळ-भात, वांग्याची भाजी आणि लापशी. भाषणं तीन मिनिटांची, घड्याळ लावून, आणि पहिलं बोलणं बाईंचं. तुम्ही सगळ्यांनी यावं असं मनापासून वाटतं, रागानं नाही लिहीत. सगळ्यांसोबत बसावं लागेल, स्टेज नाहीये.

आणि येताना घंटेच्या खोलीची किल्ली तेवढी आणा.

आपली नम्र,
मंडळीतली एक सभासद
(बाप्तिस्मा १९७९, याच पाळकसाहेबांच्या हातून)